न झालेली जखम

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही सोलापुरात विजापूर रोडला राहतो. मी शिक्षिका, मिस्टर बँकेत. सासूबाई 78 वर्षांच्या आहेत. पॅरालिसिसमुळे त्यांची डावी बाजू गेली, स्वतःहून कुशीवर वळता येत नाही. बोलणं शाबूत आहे, पण चिडचिड फार. सकाळी 8 ते रात्री 8 मावशी असतात, रात्री आम्ही दोघं बघतो. 14 महिन्यांत सहा मावशी झाल्या. पहिल्या चौघी मावशी पुरवणाऱ्या ब्युरोकडून आल्या, तेव्हा ब्युरोला महिन्याला 18,000 द्यायचो. मग ओळखीतून थेट ठेवायला लागलो, त्यांना 15,000 देतो. जेवण आमच्याकडेच, दिवाळीला साडी, अगदी घरच्यासारखं वागवतो. तरी कुणी टिकत नाही. पाचव्या मावशी विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतून यायच्या. फार चांगल्या होत्या. सासूबाईंच्या पाठीला एकही जखम नाही म्हणून डॉक्टरांनीही आमचं कौतुक केलं होतं. नारळी पौर्णिमेला त्यांना सुट्टी हवी होती. नणंदा राखीला येणार होत्या, म्हणून मी म्हटलं दुसऱ्या दिवशी घ्या. त्या दिवशी त्या आल्या, नंतर आल्याच नाहीत. त्यांचे नऊ दिवसांचे पैसेही राहिलेत. आता सहाव्या आल्यात, त्याही तिकडूनच येतात. त्या टिकाव्यात म्हणून काय करू? आणि पाचव्यांना फोन करून परत बोलवू का?

उत्तर

ताई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीपाशी अडखळले. पाठीला जखम नाही म्हणून डॉक्टरांनी ‘आमचं’ कौतुक केलं, असं तुम्ही लिहिलंय. त्या वेळी पाचव्या मावशी खोलीत होत्या का? असणारच. पाठ बघायची म्हणून सासूबाईंना कुशीवर त्यांनीच वळवलं असेल. म्हणजे ज्या हातांनी ती पाठ राखली, ते हात सासूबाईंना धरून होते आणि शाबासकी त्यांच्या डोक्यावरून तुमच्याकडे गेली. तुम्ही तिथल्या तिथे ‘हे सगळं मावशींचं’ असं म्हणाला असाल, तर मी माझे शब्द मागे घेते. पण पत्रात तसं काही नाही.

मी 34 वर्षं नर्सिंगमध्ये काढली. आधी वॉर्डात, नंतर मुलींना शिकवण्यात. म्हणून ही जखम, म्हणजे बेडसोर, काय असते ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे. पडून असलेल्या माणसाचा भार ठरावीक हाडांवर येतो. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची पाती. तिथली कातडी गादी आणि हाडाच्या मध्ये चेपून राहते, रक्त पोचत नाही. सुरुवातीला नुसती लाली दिसते. ती बोटाने दाबून पांढरी होत नसेल, तर आत बिघडायला लागलंय असं समजायचं. तिथून खड्डा पडायला फार दिवस लागत नाहीत, भरून यायला मात्र महिनेच्या महिने जातात. ती होऊ द्यायची नसेल तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, चादरीला सुरकुती राहू द्यायची नसते, ओल लगेच पुसायची असते. आता आपल्याकडचा मे महिना आठवा. पारा 43-44 वर, मध्येच लाइट गेलेली, पेशंटला डायपर, आणि मावशी दर दोन तासांनी एका बाजूने लुळ्या पडलेल्या देहाला उचलून वळवतायत. 12 तासांच्या ड्युटीत सहा वेळा. 14 महिन्यांचा हिशेब केला तर अडीच हजार वेळा.

आणि त्याचं फळ? काही झालं नाही, हेच फळ. स्वयंपाकवाल्या काकूंची पोळी ताटात दिसते, भांडी घासणारीची भांडी चकाकतात. मावशींचं काम जितकं चोख, तितकं ते दिसेनासं होतं. घरातल्या माणसांना वाटायला लागतं, ‘दिवसभर बसूनच तर असतात.’ हे वाक्य मी शेकडो घरांतून ऐकलंय. तुम्ही म्हणाला नसाल, पण सासूबाई किंवा नणंदा म्हणाल्या असतील आणि मावशींनी ते ऐकलं असेल.

म्हणून आधी बघायला शिका, कौतुक त्याच्यामागून आपोआप येईल. वॉर्डात आम्ही पाळी बदलताना ओव्हर द्यायचो. जाणारी सिस्टर येणारीला प्रत्येक खाटेपाशी उभं राहून सांगायची, याला सकाळी काय झालं, काय दिलं, कशाकडे लक्ष ठेवायचं. तुमच्या घरी रात्रपाळी तुमची आहे. मग मावशींकडून ओव्हर घेता का? रोज पावणेआठला खाटेपाशी जा आणि विचारा. लघवी किती वेळा झाली, पोट साफ झालं का, जेवताना ठसका लागला का, टाचा कशा आहेत. त्या सांगतील ते ऐका, वहीत लिहा. त्या तेलुगू घरातल्या असतील आणि त्यांना तेलुगूत लिहायचं असेल तर तेलुगूत लिहू द्या आणि तुम्हाला वाचून दाखवायला सांगा. त्यांच्या सांगण्यावरून एखादी गोष्ट बदला. ‘उजव्या खुब्यावर लाली दिसतेय’ असं त्या म्हणाल्या, तर त्या रात्री तुम्ही उजवी कूस कमी द्या आणि सकाळी त्यांना सांगा की तुमच्यामुळे लाली उतरली. ‘छान काम करता हं’ या शब्दांना काही वजन नसतं, ते कुणालाही म्हणता येतात. डॉक्टर आले की मावशींना पुढे करा: यांना विचारा, दिवसभराचं यांना ठाऊक आहे. डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे बघून दोन प्रश्न विचारले की त्याचा जो परिणाम होतो, तो दिवाळीच्या साडीने होत नाही.

आणि आठला त्या दाराबाहेर पडल्या पाहिजेत. पत्रात तुमच्या येण्याची वेळ नाही, पण शाळा, मग बाजार, मग वाटेत कुणी भेटलं, हे मी जाणते. साडेआठ होतात. विजापूर रोडवरून विडी घरकुल म्हणजे शहराचं दुसरं टोक. शेअर रिक्षा बदलत जायचं, आठनंतर रिक्षा भरायला वेळ लागतो, घरी भाकरी टाकायची असते. तुमचा अर्धा तास त्यांच्याकडे पोचेपर्यंत तासाचा होतो. एखाद दिवशी उशीर होणारच असेल तर दुपारीच फोन करा, त्या तासाचे पैसे द्या आणि रिक्षाचंही बघा. सकाळी त्या कधी नऊला आल्या तर आधी विचारा, आज तिकडे पाणी होतं का. आपल्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात भरणारं माणूस लागतंच. त्यांच्या पाण्याचे दिवस तुमच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या सकाळी मिस्टरांनी तासभर सांभाळावं. हे रजा देण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आता नारळी पौर्णिमा. ताई, तुम्ही त्यांची अशीतशी सुट्टी पुढे ढकलली नाहीत, नेमकी तीच ढकललीत. त्या दिवशी आपल्या पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या घरांत त्या दिवसाचं मोल तुमच्या-माझ्या गौरी-गणपतीइतकं. बाहेरगावची लेकरं येतात, सगळा भाग रस्त्यावर असतो. मावशी त्या समाजाच्या असतील, तर ‘दुसऱ्या दिवशी घ्या’ म्हणजे काय झालं ते बघा. त्यांना भाऊ असेल तर त्यालाही राखी त्याच दिवशी बांधायची होती. तुमच्या घरात राखीची ताटं फिरत असताना त्या आतल्या खोलीत डायपर बदलत होत्या. मला वाटतं त्या पगारामुळे गेल्या नाहीत, त्या दिवसामुळे गेल्या.

तुम्ही हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. तुम्हाला सुचलंच नाही, आणि न सुचण्याचं कारण मला त्या ‘घरच्यासारखं’ शब्दात दिसतं. घरच्या माणसाला आपण गृहीत धरतो. पाहुणे आले की घरचं माणूस राबतं, त्याला सुट्टी नसते, त्याच्याशी पैशांचं बोलायचं नसतं. पण घरच्या माणसाला राखीच्या दिवशी पाटावरही बसवतात. मावशींच्या वाट्याला यातलं राबणं तेवढं आलं. हा शब्द सोडून द्या. त्या तुमच्या घरी कामाला येतात, कसबाचं काम करतात, आणि कामाला वेळ, सुट्टी, मोबदला असतो. माया त्यावर आपोआप बसते, ती बोलून दाखवावी लागत नाही. सहाव्या मावशींना आजच विचारा, वर्षातले कुठले दिवस तुमचे? कुणाचा रथ असेल, कुणाची सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आणि तिचे नंदीध्वज, कुणाची ईद. ते दिवस आधी त्यांच्या नावावर लिहा, मग आपल्या पाहुण्यांचं बघू.

नावावरून आठवलं. तुमच्या पत्रात सहा बायका आहेत आणि सहाही ‘मावशी’: पहिल्या चौघी, पाचव्या, सहाव्या. छापायचं म्हणून नावं गाळली असतील तर चांगलंच केलंत. पण घरात कशी हाक मारता? सासूबाई ‘ए बाई’ म्हणतात का? आपल्या सोलापुरात ‘अक्का’ म्हटलं की मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही घरांत मान पोचतो. नावापुढे अक्का लावा, सासूबाईंनाही तीच सवय लावा. युद्धकाळात चीनमध्ये सेवा करायला गेलेले आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतात. चीनमध्ये त्यांच्या सोबत उभ्या राहिलेल्या त्यांच्या पत्नी गुओ चिंगलान परिचारिका होत्या, हे मात्र मला दर वर्षी नव्या मुलींना सांगावं लागायचं. त्या मुलींच्या आईवडिलांनाही हे नाव ठाऊक नसायचं.

सासूबाईंच्या चिडण्याबद्दल. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर मेंदूतच बदल होतात, राग आवरत नाही, रडू-हसू आवरत नाही. त्यात दुसऱ्याच्या हातून धुवून घ्यायची लाज. हे मावशींना माहीत असतं, पण माहीत असलं म्हणून शिवी कमी लागत नाही. मी विशीत असताना एका पेशंटने माझ्या तोंडात मारली. आमच्या हेड सिस्टर आल्या, माझ्या हातातलं बीपीचं मशीन त्यांनी काढून घेतलं, मला म्हणाल्या, ‘जा, चहा घेऊन ये,’ आणि उरलेला राउंड स्वतः पूर्ण केला. मला एक शब्द विचारला नाही, समजावलं नाही. त्याच दवाखान्यात 12 मे रोजी, परिचारिका दिनाला, आम्हाला गुलाबाचं फूल द्यायचे आणि त्याच संध्याकाळी माणूस नाही म्हणून डबल ड्युटी लावायचे. फुलं किती मिळाली ते मी विसरले. त्या चहाच्या वेळी कोणता वार होता तेसुद्धा मला आठवतं. तुम्ही घरी असाल आणि सासूबाई बोलल्या, तर तिथेच, शांतपणे म्हणा, ‘आई, यांना असं बोलायचं नाही.’ मग मावशींना दहा मिनिटं बाहेर पाठवा आणि हातातलं काम तुम्ही करा. ‘त्यांचं मनावर घेऊ नका’ असं सांगू नका. ते त्या रोज स्वतःलाच सांगत असतात.

काही गोष्टी पत्रात नाहीत म्हणून विचारते. राग मानू नका. त्यांचा कप वेगळा ठेवलाय का? असेल तर आज रात्रीच तो घरच्या कपांत मिसळा. त्या कुठलं बाथरूम वापरतात? बसायला खुर्ची आहे की खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर? जेवण तुमच्याकडे आहे हे चांगलं, पण त्या जेवतात तेव्हा सासूबाईंजवळ कोण असतं? तुम्ही दोघं कामावर, म्हणजे कुणीच नाही. घास हातात आणि कान खोलीकडे, असं जेवण होतं ते. सासूबाईंना दुपारी झोप लागते तो अर्धा तास ठरवून त्यांचा करा, आणि त्या वेळात फोन करून ‘गॅसवरचं बघता का’ असं सांगू नका. घरातली इतर कामं हळूहळू त्यांच्याकडे सरकली असतील तर तीही परत घ्या. कालची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी त्या आवडीने खातात का आणखी काही हवं असतं, तेही विचारा.

पैशांचं मी मध्येच आणते, कारण शेवटी ठेवलं की ते उरकून टाकल्यासारखं होतं. ब्युरोला 18,000 देत होता, आता 15,000 देता. ब्युरो आपलं कापून घ्यायचा, त्यामुळे मावशींच्या हातात आता जास्तच पडत असतील. तरी तुमचे महिन्याला 3,000 वाचतात. ते आठवड्याच्या सुट्टीत घाला. 30 दिवसांना 15,000 म्हणजे दिवसाला 500. चार रविवारी बदली बाईला 700 रोजाने बोलावलं तरी 2,800 होतात. मावशींचा पगार न कापता त्यांना आठवड्याची सुट्टी मिळते आणि तुमचे दोनशे तरीही उरतात. एका माणसाने आठवड्याचे सातही दिवस बारा-बारा तास दुसऱ्याचं शरीर उचलायचं, हे चालत नाही. कंबर जाते आणि कंबरेच्या आधी मन जातं. वर्षाची वाढ त्यांनी मागायच्या आधी द्या, किती ते तोंडी न ठेवता वहीत लिहा. उचल मागितली तर द्या, हप्त्याने कापा. एका महिन्यात सगळी कापू नका.

या बायका जिथून येतात तिथे त्यांच्या आयांनी, सासवांनी विड्या वळल्यात. अनेक जणी आजही वळतात. विडी कामगार बाईसाठी 1966 मध्येच कायदा आला, तिला ओळखपत्र मिळतं, तिच्या नावावर फंड जमतो. हजार विड्यांचे पैसे थोडे, पण ती स्वतःच्या उंबऱ्यात बसून, पोरं समोर ठेवून वळते आणि तिथे तिला कुणी ‘ए बाई’ म्हणत नाही. तुमच्या घराची तुलना मावशी रोज त्या उंबऱ्याशी करत असतात. तुमच्याकडच्या कामाला फंड नाही, रजेचा कागद नाही. तेवढं मोठं काम आपण एका घरात उभं करू शकत नाही, पण तुमचे मिस्टर बँकेत आहेत. एका दुपारी मावशींना सोबत नेऊन त्यांच्या खात्याला पंतप्रधान सुरक्षा विमा जोडून द्यावा. वर्षाला 20 रुपयांत अपघाताचं 2 लाखांचं संरक्षण आहे. वय 50 च्या आत असेल तर जीवन ज्योती विमाही घ्या, त्याचे वर्षाला 436 रुपये लागतात. दोन्ही मिळून 456, ते तुम्ही भरा. 16 ते 59 वयाच्या असंघटित कामगारांसाठी ई-श्रमची नोंदणी 2021 पासून सुरू आहे, तीही त्याच दिवशी करून टाका.

एक अवघड गोष्ट राहिली. सासूबाई 78 वर्षांच्या आहेत. त्या जातील त्या दिवशी मावशींची नोकरीही जाईल, आणि हे त्या तुमच्याआधी जाणतात. घरात रडारड चालू असताना, तेराव्याच्या आत, त्यांना दुसरं काम शोधावं लागतं. म्हणून बऱ्याच जणी पेशंटची तब्येत ढासळू लागली की आधीच निघून जातात, आणि आपण म्हणतो ऐन वेळी सोडून गेली. तुम्ही आत्ताच सांगा: तशी वेळ आली तर एक महिन्याचा पगार तुमचा, आणि तुमच्या कामाचं पत्र मी लिहून देईन. किंबहुना ते पत्र आत्ताच लिहा. कूस देणं, स्पंजिंग, नळीतून भरवणं, साखर तपासणं, त्यांना जे जे येतं ते एकेक लिहा, खाली सही आणि फोन नंबर. पत्र दिलं तर त्या दुसरीकडे जातील अशी भीती वाटेल. मी ज्यांना ज्यांना असं पत्र दिलं, त्यांनी ते ट्रंकेत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आल्या.

हे सगळं करूनही सहाव्या मावशी जाऊ शकतात. लेकीचं बाळंतपण निघेल, पुण्यात जास्त पगार मिळेल. तसं झालं तर अडवू नका. जाताना पुढच्या बाईला दोन दिवस शिकवून जा म्हणून सांगा, त्या दोन दिवसांचे पैसे वेगळे द्या.

पाचव्यांना फोन करा, पण परत बोलवायला नको. ऑगस्टचे नऊ दिवस म्हणजे 4,500 रुपये. त्यातला शेवटचा दिवस त्यांचा सणाचा होता, त्याचे दुप्पट धरा, 5,000 होतात. ते फोनवरून टाकू नका. रविवारी विचारून त्यांच्या घरी जा, मिस्टरांना सोबत न्या. पैसे हातात द्या आणि सांगा की त्या दिवशी मी चुकले, आणि आईंची पाठ तुम्ही राखलीत हे मी डॉक्टरांसमोर म्हणायला हवं होतं. परत येता का, हे त्या दिवशी विचारायचंच नाही. त्यांनी चहा विचारला तर बसा आणि घ्या.